रक्त थांबवणारी गोळी आणि गालावरचा वांग

प्रश्न : माझं वय बेचाळीस. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग उठला, तो गेली दहा वर्षं मुक्कामाला आहे. जायफळ उगाळून झालं, लिंबू-मध लावून झालं. आता मुलीने ऑनलाइन एक सीरम मागवून दिलंय. बाटलीवर ‘अमिनो ॲसिड सीरम, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ३%’ असं छापलंय. हे नाव आधी कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. औषधांचा डबा उपसला तेव्हा उलगडा झाला. मागच्या वर्षी पाळीत अंगावरून फार जायचं म्हणून डॉक्टरबाईंनी ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या पट्टीवर हेच नाव! रक्त थांबवायच्या औषधाचं चेहऱ्यावर काय काम? ‘ॲसिड’ आहे म्हणजे भाजणार तर नाही? आणि अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनच ना, मग सातशे रुपयांच्या बाटलीपेक्षा बेसन-दही काय वाईट? गोळ्यांची एक पट्टी शिल्लक आहे, ती घेतली तर आतून फायदा होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती शिल्लक पट्टी घेऊ नका. का, ते पुढे येईलच. बाकीचं सावकाश बोलू.

तुमची नजर मात्र पक्की आहे. गोळीतलं आणि बाटलीतलं औषध एकच. नावात साम्य आहे असं नव्हे, रेणूसुद्धा तोच. रक्तस्रावाच्या वॉर्डातून तो ड्रेसिंग टेबलावर कसा आला, याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

महायुद्धानंतरचा जपान. टोकियोतल्या केइओ विद्यापीठात उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके संशोधन करत होते. पैसा नाही, सामान नाही. उताकोबाईंनी मेंदूवरचं काम सोडून रक्ताचा विषय घेतला, त्यामागे एक व्यवहारी हिशेबही होता : नमुने कमी पडले तर स्वतःचं रक्त काढता येईल. मुलीला सांभाळायला कोणी नसायचं, तेव्हा तिला पाठीला बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहत. बाळंतपणात रक्त जाऊन बायका दगावतात, ते थांबवणारं औषध त्यांना शोधायचं होतं.

जखमेवर रक्ताची गुठळी धरते, आणि काम झालं की शरीरच ती विरघळवून टाकतं. हे विरघळवण्याचं काम प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम करतं. त्यासाठी प्लाझ्मिनला गुठळीच्या धाग्यांवरची लायसिनची टोकं पकडावी लागतात. लायसिन हे साधं अमिनो ॲसिड, आपल्या वरणात भरपूर असतं. ओकामोतो दांपत्याने या लायसिनच्या रचनेत फेरफार करत करत एक जवळपास हुबेहूब नक्कल तयार केली. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली म्हणा ना. ती प्लाझ्मिनच्या खाचेत जाऊन बसते, खऱ्या लायसिनला जागा उरत नाही, गुठळी टिकते आणि रक्त थांबतं. हेच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. साल १९६२.

उताकोबाईंचं दुर्दैव असं की बाळंतपणातल्या रक्तस्रावावर त्याची चाचणी घ्यायला त्यांच्याच देशातले डॉक्टर तयार होईनात. पुढे हे औषध दातांच्या शस्त्रक्रियांपासून पाळीच्या त्रासापर्यंत सगळीकडे वापरलं गेलं, पण ज्यासाठी शोधलं ते काम राहूनच गेलं. शेवटी २१ देशांतल्या सुमारे वीस हजार बाळंतिणींवर मोठी चाचणी झाली. प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात, असा निकाल एप्रिल २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. उताकोबाई त्याच्या वर्षभर आधी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या होत्या.

आता तुमच्या गालाकडे येऊ. १९७९ साली जपानमधल्याच निजो सादाको या डॉक्टरांनी अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णाला हे औषध दिलं होतं. पित्ताचं काय व्हायचं ते झालं, पण दोन-तीन आठवड्यांत त्या रुग्णाच्या चेहऱ्यावरचा वांग फिका पडलेला दिसला. म्हणजे हा उपयोग कोणी शोधायला गेलेलं नव्हतं, तो योगायोगाने हाती लागला. त्यानंतर वांगावर गोळ्या, क्रीम, इंजेक्शनं असा प्रवास झाला. आपल्याकडच्या दुकानांत सीरमची लाट आली ती मात्र अगदी अलीकडे.

रक्ताशी संबंधित प्लाझ्मिन त्वचेत काय करतं? ऊन लागलं की त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी प्लाझ्मिन तयार करणारी यंत्रणा चालू करतात. त्या प्लाझ्मिनमुळे दाह वाढवणारे काही पदार्थ सुटतात, आणि ते शेजारच्या रंगपेशींना, मेलॅनोसाइट्सना, जास्त रंग बनवायला लावतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड इथेही तीच खाच अडवतं, म्हणून रंगपेशींकडे जाणारी ही चिथावणी कमी होते. वांगाच्या जागी त्वचेखाली बारीक रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात, त्यांच्यावरही त्याचा थोडा परिणाम होतो. तयार झालेला रंग हे औषध पुसत नाही, त्वचा सोलत नाही, आणि मूळच्या वर्णाला गोरं करत नाही. जाहिरातीत कोणी गोरं होताना दाखवलं तर ते दिव्यांचं काम समजा.

गंमत म्हणजे मेलॅनिन हा रंगसुद्धा मुळात टायरोसिन या अमिनो ॲसिडपासूनच बनतो. आणि त्वचेचा सगळ्यात वरचा थर ओलावा धरून ठेवतो तोही बराचसा सेरीनसारख्या सुट्या अमिनो ॲसिडांच्या जोरावर. त्वचेच्या नैसर्गिक ओलावा-मिश्रणात त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन मोडून ती तयार होतात. ज्यांच्या फिलॅग्रिनच्या जनुकात दोष असतो त्यांची कातडी जन्मभर कोरडी राहते आणि एक्झिमाचा धोकाही वाढतो, हे २००६ मध्ये सिद्ध झालं. त्यामुळे मॉइश्चरायझरमध्ये अमिनो ॲसिड घालणं निरर्थक नाही. पण एक आतली गोष्ट सांगतो. पुष्कळ सीरमच्या यादीत आर्जिनिन दिसतं, ते बऱ्याचदा केवळ मिश्रणाची आम्लता जुळवायला घातलेलं असतं. ‘अमिनो ॲसिडयुक्त’ हे बिरुद मिरवायला तेवढं पुरतं.

तुमच्या बाटलीचा प्रकार वेगळा आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे प्रथिनं बनवणारं अमिनो ॲसिड नव्हे, ती माणसाने घडवलेली नक्कल. शरीर त्यापासून काहीही बांधू शकत नाही, त्याचं काम फक्त अडवण्याचं.

भाजण्याची भीती मनातून काढून टाका. अमिनो ॲसिडांत आम्लाचा एक गट आणि अल्कलीचा एक गट असे दोन्ही असतात, ते एकमेकांना सांभाळून घेतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण साधारण पाण्याइतकंच उदासीन असतं. ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिडची जात निराळी, ती त्वचेचे थर सोलवटतात आणि जपून वापरावी लागतात. तुमच्या सीरममध्ये त्यांपैकी एखादं मिसळलेलं असू शकतं, तेवढं मागचं लेबल वाचून घ्या. चुरचुरलं तर दोष बहुधा त्या पाहुण्याचा असतो.

बेसन-दह्याचं म्हणाल, तर त्यात प्रोटीन आहे हे खरं. पण प्रोटीन म्हणजे शेकडो अमिनो ॲसिडांची लांबलचक साखळी. त्वचेतून आत जाण्यासाठी रेणूचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या आत असावं, असा ढोबळ नियम आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं वजन १५७. दुधादह्यातल्या केसीनचं वीस हजारांच्या वर. दही तोंडाला लावलं तर ते तोंडावरच राहतं, पोटात गेलं तरच त्याची अमिनो ॲसिडं सुटी होतात. बेसनाने चेहरा स्वच्छ होतो, दह्याने मऊ वाटतो, मलाही ते आवडतं. वांगासाठी मात्र दही ताटात वाढून घ्या.

जायफळ घासून घासून लावलं असेल तर ते थांबवा. कशानेही त्वचा चिडली, लाल झाली, की सावळ्या कातडीवर मागे काळा डाग राहतो, म्हणजे वांगावर वांग. लिंबाचं तर नावच काढू नका. लिंबाच्या सालीतली आणि रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि महिनोन्‌महिने टिकणारे डाग पाडतात. लिंबू लावून दुपारी स्कूटरवरून बाहेर पडणाऱ्या मुली पाहिल्या की मला राहवत नाही.

आता गोळ्या. पोटातून घेतलं तर हे औषध वांगावर जास्त चांगलं काम करतं, यात शंका नाही. ४४ स्त्रियांवरची, २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक नीट आखलेली चाचणी आहे. २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, तीन महिने. औषध घेणाऱ्यांचा वांग ४९ टक्क्यांनी कमी झाला, खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचा १८ टक्क्यांनी. खोटी गोळी घेऊनही १८ टक्के कसा? कारण दोन्ही गटांना सनस्क्रीन दिलं होतं. पण पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा. औषध बंद केल्यावर तीन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा ४९ चे २६ झाले होते. म्हणजे अर्धी कमाई परत गेली.

आणि धोका? रक्त गोठायला मदत करणारं औषध नको तिथेही गुठळी टिकवू शकतं. पायाच्या शिरेत, फुप्फुसात, मेंदूत. सिंगापूरमध्ये ५६१ रुग्णांची नोंद तपासली गेली. बहुतेकांना फायदा झाला, पण एकीच्या पायात गुठळी झाली, आणि मग कळलं की तिच्या घराण्यातच रक्त गोठणं आवरणाऱ्या ‘प्रोटीन एस’ची कमतरता होती. तिला ते आधी ठाऊक नव्हतं. तुम्हालाही तुमच्याबद्दल असं काही ठाऊक नसू शकतं. कुटुंब नियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या, घरात कोणाला लकवा, हृदयविकार किंवा शिरेत गुठळी झालेल्या, किडनीचा त्रास असलेल्या बायकांना ही गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर दहा प्रश्न विचारून ठरवतात. शिवाय पाळीसाठी दिलेल्या गोळ्या बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या असतात आणि चार-पाच दिवसांपुरत्या घ्यायच्या असतात, महिनोन्‌महिने नव्हे. म्हणून म्हटलं, ती पट्टी राहू द्या. पाळीचा त्रास पुन्हा झाला तर डॉक्टरबाईंना विचारून कामी येईल.

लावायच्या औषधाचं तसं नाही. चेहऱ्यावरून रक्तात जाणारं प्रमाण नगण्य असतं, त्यामुळे गुठळीची धास्ती धरायला नको. पण त्याच कारणाने गुणही बेताचाच. रेणू लहान असला तरी पाण्याचा सोबती आहे, आणि त्वचेचा वरचा थर तेलकट, त्यामुळे तो सहजी आत शिरत नाही. २ ते ५ टक्क्यांच्या क्रीमवर झालेल्या चाचण्या लहान लहान आहेत. त्यांपैकी काहींत ते हायड्रोक्विनोन या वांगावरच्या नेहमीच्या औषधाच्या बरोबरीला आलं, आणि जळजळ कमी झाली. तुमच्या ३ टक्क्यांत गैर काही नाही. बाटलीवर टक्केवारीच छापलेली नसती, तर मात्र मी घेऊ नका म्हटलं असतं.

हायड्रोक्विनोनचा विषय निघालाच आहे, तर एक इशारा. मेडिकलमध्ये ‘वांगावरची क्रीम द्या’ म्हटलं की बरेचदा हातात एक ट्यूब पडते. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, ट्यूब पुन्हा आणली जाते. सहा महिन्यांत कातडी पातळ, लाल शिरा, मुरुमं, गालावर लव, आणि क्रीम सोडली की आग. त्वचारोगतज्ज्ञ हेच औषध देतात, पण काही आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. गल्लीतल्या काउंटरवर ते किती पाळले जातात, हे तुम्ही मला सांगा. त्याहून वाईट म्हणजे बिननावाच्या, लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीम. अशा क्रीममधल्या पाऱ्याने किडनीवर परिणाम झालेले रुग्ण केरळात आणि आपल्या अकोल्यातही आढळले आहेत. मुलीने मागवलेलं सीरम त्या मानाने फारच सज्जन आहे.

मात्र सनस्क्रीन नसेल तर हा सज्जनही हतबल. रोज सकाळी रंगपेशींना नवी चिथावणी मिळत असेल तर रात्री लावलेलं सीरम कुठे कुठे पुरं पडणार? आणि इथे बहुतेकजणी फसतात. वांगाला नुसते अतिनील किरण कारण नसतात, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही सावळ्या त्वचेत रंग वाढवतो. पांढरं सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं ‘टिंटेड’ सनस्क्रीन लागतं. मेक्सिकोतल्या एका अभ्यासात सगळ्या रुग्णांना एकच औषध दिलं, फक्त सनस्क्रीन दोन प्रकारचं होतं. दिसणारा उजेड अडवणाऱ्या सनस्क्रीनच्या गटाचा वांग जास्त ओसरला. आणखी एक फायदा : ते लावून चेहरा पांढराफटक दिसत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर रेघ ओढून येईल इतकं घ्या, आणि उन्हात असाल तर दोन-अडीच तासांनी पुन्हा लावा. स्कूटरवर स्कार्फ बांधता ते चांगलंच, पण कपाळ उघडं राहतं, आणि वांगाला कपाळ फार प्रिय.

सीरम रात्री, धुतलेल्या चेहऱ्यावर, डागांपुरतं न लावता पूर्ण गाल-कपाळावर पातळ लावा. दोन महिन्यांच्या आत आरसा न्याहाळू नका. पहिल्या दिवशी खिडकीजवळ, त्याच उजेडात, एक फोटो काढून ठेवा आणि त्याच्याशीच तुलना करा, आठवणीशी नको. पुन्हा दिवस राहिले असतील किंवा तशी शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दहा वर्षांत हा डाग एकदाही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवला नसेल तर एकदा दाखवाच. गालावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांना लावायच्या काळ्या डायमधल्या पीपीडीनेही चेहरा असाच काळवंडतो, आणि तिथे डाय थांबवणं हाच उपाय, सीरम नव्हे. तपासायला जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, डाय आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

तीन महिने सनस्क्रीनसह नेमाने वापरूनही फोटोत फरक दिसला नाही, तर दुसरी बाटली मागवू नका.

प्रश्न : हॉस्टेलवर मैत्रिणी ‘अमिनो ॲसिड फेसवॉश’ची फार स्तुती करतात. मागच्या यादीत ‘ग्लुटामेट’ लिहिलंय. चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो तेच ना? ते तोंडाला लावायचं?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नात्यातलं आहे, तेच नव्हे. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडचा सोडियम क्षार. त्याच ग्लुटामिक ॲसिडला खोबरेल तेलातलं स्निग्धाम्ल जोडलं की फेस देणारं, मळ काढणारं एक सौम्य द्रव्य तयार होतं. आणि हो, ही द्रव्यं जपानची अजिनोमोटो कंपनीही बनवते, म्हणजे तुझी शंका अगदीच वावगी नाही.

फायदा आहे. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, त्वचेचा पाचच्या आसपास. साबणाने तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते ती त्यामुळे. ग्लुटामेट, ग्लायसिनेट, सार्कोसिनेट अशी नावं यादीत वरच्या तीन-चारांत असतील तर तो फेसवॉश कोरड्या किंवा मुरुमांची औषधं चालू असलेल्या चेहऱ्याला बरा पडतो. ती नावं यादीच्या शेपटीला आणि सोडियम लॉरिल सल्फेट पुढे असेल, तर ‘अमिनो’ हा शब्द फक्त डब्याच्या दर्शनी बाजूला आहे. खऱ्या अमिनो ॲसिड फेसवॉशला साबणासारखा भरपूर फेस येत नाही, म्हणून जास्त घेऊ नकोस. आणि फेसवॉश अर्ध्या मिनिटात नाल्यात जातो, त्यामुळे त्यात व्हिटॅमिन सी, कोलॅजेन, सोनं असं काही घातलंय म्हणून वरचे दीडशे रुपये मोजू नकोस.